माल देताना चौकशी, मुलगा देताना का नाही?

बालोतऱ्याची एखादी नवी पार्टी पेढीवर येते आणि साठ दिवसांच्या मुदतीवर दोनशे ताके ग्रे कापड मागते, तेव्हा आपण मालेगावचे व्यापारी काय करतो? चहा पाजतो, गोड बोलतो आणि पाहुणा उठून गेला की दलालाला फोन लावतो. याआधी माल कोणाकडून घेत होता, त्याला का सोडले, चेक वेळेवर वटतात का? दोन-तीन ठिकाणांहून होकार आल्याशिवाय एक ताका गोदामाबाहेर जात नाही.

तोच व्यापारी पदवीधर मुलाला कंपनीच्या हवाली करताना मात्र एक शब्द विचारत नाही. मीही विचारला नव्हता.

२०१९ साली माझा थोरला मुलगा इंजिनियर झाला. पुण्याच्या एका कंपनीची जाहिरात पाहून त्याने अर्ज केला, लगेच बोलावणे आले. काचेची इमारत, पगाराचा चांगला आकडा. मी खुशीने मिठाई वाटली. दोन पगार आले, तिसरा अर्धा आला, चौथा आलाच नाही. पदवीची मूळ प्रमाणपत्रे कंपनीने बाँडच्या नावाखाली ठेवून घेतली होती. ती सोडवायला मला पुण्याच्या तीन खेपा पडल्या.

पुढे आमच्या करसल्लागाराने दहा मिनिटांत जे दाखवले, ते आधी पाहिले असते तर मुलगा तिथे गेलाच नसता. वीस किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनेला प्रॉव्हिडंट फंड लागू होतो आणि दर महिन्याची रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावी लागते. भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापनेचे नाव टाकले की कोणत्या महिन्याचे पैसे कोणत्या तारखेला आणि किती माणसांचे भरले, हे कोणालाही दिसते. जाहिरातीत तीनशेचा स्टाफ सांगणारी ही कंपनी साठ जणांचा फंड भरत होती, तोही दोन-दोन महिने उशिरा, आणि माणसांचा आकडा दर महिन्याला उतरत होता. व्यापाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. ज्याचा हात तंग, तो आधी सरकारी भरणा लांबवतो, मग पगार. (आपल्यातल्या कारखानदारांनीही हे वाचताना मागावरच्या मजुरांचा हिशेब आठवायला हरकत नाही.)

केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनी कधी स्थापन झाली, भांडवल किती, शेवटचा ताळेबंद कोणत्या सालचा, एवढे फुकट कळते. शंभर रुपये फी भरली की ताळेबंदही पाहता येतो, आणि तो वाचायला आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. जीएसटी नंबर तपासणे तर आपले रोजचेच काम. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना वर्षभरात किती टक्के कायम कर्मचारी सोडून गेले, हेही वार्षिक अहवालात द्यावे लागते. नोकरीसाठी पैसे मागणाऱ्याच्या दारातूनच परत फिरावे.

कागदावर न दिसणाऱ्या गोष्टी गेटवर दिसतात. सुट्टीच्या वेळी समोरच्या टपरीवर अर्धा तास बसावे. लोक कधी सुटतात, पगाराबद्दल काय बोलतात, मुलींना न्यायला गाडी येते का, आपली मुले आत आहेत का?

हा शेवटचा प्रश्न काहींना खटकेल. पण सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी सारख्याच लायकीचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खाजगी कंपन्यांना पाठवले होते, आणि मुस्लिम नावाच्या अर्जांना उच्चवर्णीय हिंदू नावांपेक्षा कमी बोलावणी आली. यावरून काही जण म्हणतात, मग अर्ज तरी कशाला करायचा? माझे म्हणणे उलट आहे. शंभर ठिकाणी डोळे मिटून अर्ज टाकण्यापेक्षा दहा ठिकाणी चौकशी करून टाकावा. आपल्या नावाची माणसे जिथे पाच-सात वर्षे टिकली, बढतीही मिळाली, तिथला अर्ज आधी भरावा.

धाकटी मुलगी यंदा एम.कॉम. झाली. नाशिकच्या दोन कंपन्यांची तिने स्वतःच चौकशी केली. एकीच्या फंडाच्या तारखा पाहून तिने ते नाव खोडले. दुसरीच्या मुलाखतीत विचारले, आमच्याकडेच का? तिने अहवालातला नव्या युनिटचा खर्च सांगितला आणि तिथले हिशेब पाहायला आवडेल म्हणाली. साहेबाने अहवाल कुठे पाहिला, असे विचारले. माझ्या मुलाला २०१९ मध्ये हाच प्रश्न आला असता तर तो गप्प बसला असता.

निकाल अजून आलेला नाही. शनिवारी आम्ही दोघे त्या गेटवर जाऊन बसणार आहोत.