यजमानाला बसू द्या

घरी वीस माणसं यायची असली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: ‘गरम काय करायचं?’ मग वडे किंवा भजी ठरतात आणि त्या संध्याकाळी घरातलं एक माणूस कढईपाशी उभं राहतं. जरा हिशेब करा. मध्यम कढईत एका घाण्याला दहा-बारा भजी निघतात. माणशी पाच धरली तरी 100 भजी, म्हणजे नऊ-दहा घाणे. घाण्याला पाच मिनिटं म्हटलं तर पाऊण तास गेला, तोही कुणी पुन्हा मागितली नाहीत तर. निघताना पाहुणे स्वयंपाकघराच्या दारात डोकावून ‘वहिनी, भजी फक्कड झाली होती हं’ म्हणतात. वहिनींची आणि त्यांची त्या संध्याकाळची भेट तेवढीच.

चार माणसं असतील, बाहेर पाऊस असेल, तर भजी जरूर तळावीत. मीही खातो. पण माणसं दहाच्या वर गेली की तळण बंद, असं माझं मत आहे. त्याऐवजी आदल्या रात्री किंवा सकाळी करून ठेवता येईल, सुरीने कापून ताटात मांडता येईल असं गार, गुंडाळलेलं काहीतरी ठेवावं. ‘पाहुण्यांना गार कसं द्यायचं?’ हा आक्षेप मला दर वेळी ऐकवला जातो. दिवाळीत आपण चकल्या, करंज्या, शंकरपाळे डब्यातून काढूनच देतो की! तिथे कुणाला पाहुणचार कमी पडल्यासारखं वाटत नाही.

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. निवृत्त झाल्यावर आमच्या घरात कामांची फेरवाटणी झाली आणि सुरळीच्या वड्या माझ्या वाट्याला आल्या. गुजराती शेजारी हिलाच खांडवी म्हणतात आणि त्यांच्याकडे ती घरोघरी होते. आपल्याकडे मात्र हिची उगाच धास्ती आहे. ‘ती जमत नाही बाई’ म्हणत लोक मिठाईच्या दुकानातून पाव किलो आणतात आणि त्या रबरासारख्या चावत बसतात.

खरं तर सामान पाहा: एक वाटी बेसन, तीन वाट्या बेताचं आंबट ताक, हळद, हिंग, मीठ, वाटलेलं आलं-मिरची. गुठळी न राहू देता सगळं कालवायचं, गाळून घेतलं तर उत्तमच. मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर सतत ढवळायचं. पहिली पाच-सहा मिनिटं काहीच घडत नाही, आणि मग एकाएकी ते दाटतं. पिठातले स्टार्चचे कण गरम पाणी शोषून फुगतात, त्याचा हा परिणाम. गार होताना त्यातले अमायलोजचे लांब रेणू पुन्हा एकमेकांना धरतात आणि पातळ थराचा पापुद्रा तयार होतो. कडधान्यांच्या स्टार्चमध्ये हे अमायलोज तांदूळ-गव्हापेक्षा साधारणपणे जास्त असतं, म्हणून बेसनाची सुरळी नीट उभी राहते. विदर्भातली पाटवडी याच गुणावर थापली जाते, फक्त ती जाड असते आणि रश्श्यात जाते.

झालं की नाही, हे घड्याळाला विचारू नये. उपड्या ताटलीवर चमचाभर पसरून मिनिटभर थांबावं. कडेने नखाने उचलल्यावर पापुद्रा अखंड सुटला, की गॅस बंद. चिकटला तर अजून दोन मिनिटं ढवळायचं. सतत ढवळणं नको असेल त्यांनी हेच मिश्रण झाकणाच्या डब्यात घालून कुकरला तीन शिट्ट्या द्याव्यात आणि बाहेर काढल्याबरोबर रवीने जोरात घुसळावं. शुद्धतावादी नाक मुरडतील. मी दोन्ही प्रकारे करतो आणि खाणाऱ्याला फरक कळत नाही.

कसोटी लागते ती यानंतर. मिश्रण कढत असतानाच पसरायला हवं, निवलं की संपलं. म्हणून तीन वाट्या बेसन एकदम शिजवू नये, वाटी-वाटीचे वेगळे घाणे करावेत. आणि इथे दोन माणसं लागतातच. एकाने कढईतून काढून द्यायचं, दुसऱ्याने उपड्या ताटांवर किंवा स्वच्छ पुसलेल्या ओट्यावर वाटीच्या बुडाने झरझर सारवत जायचं, जितकं पातळ तितकं चांगलं. तेल लावायची गरज नसते. पाच मिनिटांनी सुरीने दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या पाडून गुंडाळायच्या. वाटीभर बेसनाच्या तीस-पस्तीस वड्या सहज होतात.

मला ही वडी आवडते ती या दोन माणसांसाठी. तळण एकट्याने होतं, म्हणून ते एकटीवर पडतं. गुंडाळायला मात्र घरातलं कुणीही बसू शकतं. आमची नात पट्ट्या वाकड्या गुंडाळते, त्या आम्ही ताटात खाली मांडतो. पहिल्यांदा मी वड्या केल्या तेव्हा माझ्या वहिनींनी विचारलं होतं, ‘भावजी, कुठून मागवल्यात?’ आमची ही म्हणाली, ‘अहो, सांगा की, ओट्यावरून!’

बेसनाचा कंटाळा असेल तर पर्याय आहेत. ब्रेडच्या स्लाइसच्या कडा कापून त्या लाटण्याने चपट्या करायच्या, आधी लोणी आणि मग हिरवी चटणी लावायची, घट्ट गुंडाळून ओल्या फडक्यात तासभर फ्रीजमध्ये ठेवायच्या आणि मग कापायच्या. लोणी गाळू नये, चटणीचं पाणी ब्रेडमध्ये मुरू नये म्हणून ते असतं. अळूवडीचे वाफवलेले उंडे न तळता कापून वरून फोडणी दिली तरी चालतात, हे कोकणातल्या माणसाला सांगताना मात्र जपून. व्हिएतनामी लोक तर तांदळाचे पारदर्शक पापड पाण्यात भिजवून त्यात शेवया, पाला, कोळंबी गुंडाळतात आणि पुष्कळदा हे काम टेबलावर खाणाऱ्यांवरच सोपवतात. ही पद्धत मला फार हुशारीची वाटते. हल्ली ते पापड आपल्याकडेही मिळतात.

गार खाण्याला एक पथ्य मात्र आहे. ताक आणि ओलं खोबरं आलं की दोन तासांहून जास्त वेळ ते बाहेर ठेवू नये, मे महिन्यातल्या उकाड्यात तर तासाभरापेक्षा नाही. म्हणून सगळं ताट एकदम मांडायचं नाही. निम्म्या वड्या झाकून फ्रीजमध्ये ठेवाव्यात, पहिलं ताट संपत आलं की दुसरं काढावं. मोहरी, हिंग आणि कढीपत्त्याची फोडणी आधी करून निववून ठेवावी, आणि वाढायच्या वेळी चमच्याने वरून सोडावी. खोबरं-कोथिंबीर पट्टीच्या आत भरायची की वर भुरभुरायची, यावर आमच्या घरात एकमत नाही. पार्टीसाठी मी वरच घालतो. आत भरलेली वडी लवकर पाणी सोडते, आणि नातीला ती गुंडाळताही येत नाही.