सात जूनच्या आत कौले चढली पाहिजेत

गावच्या जुन्या जिल्हा परिषद शाळेच्या निर्लेखनाचा प्रस्ताव वर गेल्याचे आम्हाला ग्रामसभेत कळले नाही. लाकूड बघायला आलेल्या व्यापाऱ्याने ते सांगितले. म्हणून संबंधित सर्वांना आम्हा ग्रामस्थांचा हा शेवटचा इशारा.

इमारत वयाने मोडकळीला आली, हे खोटे आहे. चार पावसाळ्यांपूर्वी आढ्यावरची सात-आठ कौले वाऱ्याने उडाली. तेव्हा एक शिडी आणि एका दिवसाची मजुरी पुरली असती. आम्ही तीन अर्ज दिले, तिन्हींची पोच जपून ठेवली आहे. आज त्या भोकाखालचे दोन वासे भिंतीत शिरतात तिथे बोट घातले की भुसा हातात येतो. बाकी जांभ्याचे चिरे आणि सागवानी तुळया शाबूत आहेत. सातवीच्या फळ्यावर शेवटच्या दिवशीचा पट अजून वाचता येतो : मुलगे 19, मुली 16, एकूण 35.

2017 च्या ऑगस्टमध्ये नगर जिल्ह्यातल्या निंबोडीत शाळेचे छत कोसळून तीन मुले दगावली, ते आम्ही विसरलेलो नाही. म्हणूनच आधी स्ट्रक्चरल ऑडिट करा. इमारत वाचत नाही असा अहवाल आला, तर आम्ही मुकाट बाजूला होऊ. ऑडिटशिवाय एक वासाही लिलावात जाऊ देणार नाही.

1 मेच्या ग्रामसभेत हा विषय पहिला घ्या. मुलांना अभ्यासिका आणि बचत गटांना बसायला जागा म्हणून इमारत ग्रामपंचायतीच्या ताब्यात देण्याचा ठराव करा. आणि दुरुस्तीच्या नावाखाली भिंतींना सिमेंट फासू नका. जांभा पाणी पितो, चुन्याच्या गिलाव्यातून ते सुकून जाते. सिमेंटखाली ओल कोंडते आणि वाशांची टोके आतल्या आत कुजतात.

खिडक्यांचे गज काढून नेणारे आपल्याच वाड्यांतले आहेत. आठ दिवसांत ते रात्री व्हरांड्यात आणून ठेवा, कोणी नाव विचारणार नाही. नवव्या दिवशी पोलिसांत तक्रार जाईल.

7 जूनला मृग लागतो. तोवर कौले चढली नाहीत, तर 8 जूनपासून पंचायत समितीच्या दारात बेमुदत साखळी उपोषण सुरू होईल. पहिल्या दिवशी बसणाऱ्या एकवीस जणांची नावे ठरली आहेत, त्यांतले नऊ जण याच शाळेत शिकलेले आजी-आजोबा आहेत. आढ्यावर घालायची ताडपत्री आम्ही वर्गणी काढून आणली आहे.