युद्ध संपते, निर्बंध उरतात

नंदुरबार, विशेष प्रतिनिधी

चार कामगार संहितांच्या विरोधात केंद्रीय कामगार संघटनांनी २० मे २०२५ रोजी पुकारलेला देशव्यापी संप भारत-पाकिस्तान संघर्षाच्या पार्श्वभूमीवर ९ जुलैपर्यंत पुढे ढकलण्यात आला. संप जुलैत झाला. संहिता २१ नोव्हेंबरला लागू झाल्या. दिरंगाईमुळेच हे घडले, असे म्हणता येणार नाही. तथापि युद्धाची छाया पडताच प्रथम माघार कामगारांनाच घ्यावी लागते, हे पुन्हा दिसून आले.

युद्धकाळात कामगारहिताचे कायदे थांबतात, हे मात्र अर्धसत्य आहे. दुसऱ्या महायुद्धात उत्पादन अखंड चालणे ही सरकारची निकड होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ मध्ये कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. किमान वेतनाचे विधेयकही त्याच वर्षी मांडले गेले. परंतु याच युद्धात कोळशाच्या टंचाईपायी स्त्रियांच्या भूमिगत खाणकामावरील बंदी १९४३ मध्ये उठवण्यात आली. ती पूर्ववत होण्यास १९४६ साल उजाडले. भारत संरक्षण नियमांतील ‘८१-अ’ने संपावर बंधने घातली. युद्ध संपले, तरी सक्तीच्या निवाड्याचे तत्त्व १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात टिकून राहिले.

कारखान्यातील कामगारांची ही स्थिती, तर शेतमजुरांची काय असेल? त्याचे उत्तर तेव्हा धुळे जिल्ह्यात असलेल्या शहाद्यात मिळते. तेथे १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा बांगलादेश युद्धानिमित्त ३ डिसेंबर १९७१ रोजी पुकारलेली आणीबाणी जारीच होती. युद्ध दोन आठवड्यांच्या आत संपले. ती आणीबाणी मार्च १९७७ पर्यंत उठली नाही. दरम्यान, जून १९७५ मध्ये अंतर्गत आणीबाणीची भर पडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वेठबिगारी रद्द करणारा वटहुकूम निघाला. आगाऊ उचल घेऊन वर्षभर राबणाऱ्या सालदारांसाठी ही मोठीच सुधारणा होती. मात्र ती त्यांच्यापर्यंत पोहोचवू शकणाऱ्या सभा, मोर्चे आणि संघटनेला घटनेचे संरक्षण उरले नव्हते. अंमलबजावणी सर्वस्वी प्रशासनाच्या मर्जीवर राहिली.

तात्पर्य, युद्धकाळ कायदा देऊ शकतो. तो राबवून घेण्याची कामगाराची ताकद मात्र काढून घेतो. म्हणूनच संकटकाळातील प्रत्येक निर्बंधावर त्याच्या समाप्तीची तारीख नोंदलेली असावी, हा आग्रह राष्ट्रहिताच्या आड येणारा ठरत नाही.