आधी विचारा, ‘केव्हा बंद पडतो?’

चालता संगणक अचानक बंद पडू लागला की आपल्याकडे दोनच उपाय सुचवले जातात. ‘फॉरमॅट मारा’, नाहीतर ‘नवीन घ्या’! माझ्या मते दोन्ही सल्ले घाईचे. नाडी न बघताच औषध देण्यातला हा प्रकार.

माझ्या एका निवृत्त सहकाऱ्यांनी आईच्या तोंडच्या ओव्या दोन वर्षे खपून टाइप केल्या होत्या. दुरुस्तीवाल्याने काही न विचारता फॉरमॅट मारला. ओव्या गेल्या, आणि आठवड्याभरात संगणक पुन्हा बंद पडला तो पडलाच. शेवटी निघाले काय, तर आतला पंखाच फिरत नव्हता...

म्हणून पहिला प्रश्न हा, की तो बंद पडतो केव्हा? सुरू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी, व्हिडिओ पाहताना, भर उन्हाळ्यात दुपारी, असे असेल तर उष्णतेवर संशय घ्यावा. प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापला की जळू नये म्हणून यंत्र आपणहून बंद होते. हे तर त्याचे शहाणपण! पंख्यात नि त्याखालच्या धातूच्या पात्यांत साठलेली धूळ, प्लग काढून, मऊ ब्रशने झाडली की पुष्कळदा काम भागते.

पण वेळकाळ न बघता दिवा जावा तसा तो फटकन बंद होत असेल, तर सैल प्लग किंवा एसएमपीएस तपासावा. एसएमपीएस मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक वीज साठून राहू शकते.

विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसते. यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले, एवढाच तिचा अर्थ. हजेरीपटासारखेच हे. मुलगा गैरहजर आहे एवढे कळते. का, ते चौकशी केल्यावरच समजते.

फॉरमॅटने धूळ जात नाही, जातात त्या आपल्या फायली. तेव्हा आधी त्यांची पेन ड्राइव्हवर प्रत काढा. मग बंद पडल्याची वेळ, तेव्हा काय चालू होते, पंखा फिरत होता का, हे चार दिवस वहीत टिपा आणि ती वही घेऊनच दुकानात जा. कारण विचारायला लाजू नका. शंका विचारल्यावर चिडणारा मास्तर काय किंवा दुरुस्तीवाला काय, बदललेलाच बरा!