एकाच तागडीत सर्व विद्या

पुणे-नाशिक जलद रेल्वेचा वाद गेली काही वर्षे गाजत आहे. नारायणगावाच्या बाजूने आखलेला तिचा मार्ग खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामास बाधक ठरेल असा आक्षेप आला. मार्ग बदलावा लागेल असे रेल्वे मंत्रालयाने सांगितले. आणि जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात साहजिकच नाराजी पसरली. ही दुर्बीण आमच्या कोणत्या उपयोगाची, हा तेथील लोकांचा प्रश्न आहे. तो संतापाने विचारला जातो, एवढ्यावरून गैर ठरत नाही. ज्याला आपला माल वेळेवर बाजारात पोचवावयाचा आहे, त्याला आकाशातील अदृश्य लहरींच्या पायी आगगाडीची वाट सोडावी लागत असेल, तर त्याचे उत्तर त्याला मिळावयासच हवे.

परंतु हाच प्रश्न आमच्या शहरांतील दिवाणखान्यांतही विचारला जातो, आणि तेथे तो विचारणाऱ्यांस आगगाडीची काही अडचण नसते. दरवर्षी जून महिना उजाडला, प्रवेशांची धांदल सुरू झाली, की एखाद्या घरातील हुशार मुलगी इतिहास किंवा संस्कृत घ्यावयाचे म्हणते आणि सारे घर तिच्याभोवती जमते. "त्याचा उपयोग काय?" शाळेत शिकवीत होतो तेव्हा असे पालक आमच्याकडे येत, आणि मुलाला तुम्हीच दोन शब्द समजावा, अशी गळ घालीत. आम्ही ते दोन शब्द समजावलेही आहेत. त्यांतील एकदोघांच्या बाबतीत आपण चुकलो, ही रुखरुख आजतागायत गेलेली नाही.

खोडदचेच आधी पाहू. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तेथे व आसपासच्या गावांच्या शिवारांत उभ्या आहेत. गोविंद स्वरूप ह्या शास्त्रज्ञाने ही दुर्बीण कल्पिली आणि पोलादी दोरांवर तारेची हलकी जाळी ताणून तबकडी करण्याची युक्ती काढली. त्यामुळे अन्य देशांच्या मानाने फार थोड्या खर्चात ते काम झाले. दीर्घ लांबीच्या रेडिओ लहरी ऐकावयाच्या, तर माणसाने निर्माण केलेला विद्युत्-गोंगाट कमी असलेली जागा लागते. खोडद निवडण्याचे ते एक मोठे कारण. जून २०२३ मध्ये अनेक देशांतील शास्त्रज्ञांनी, गुरुत्वीय लहरींच्या अतिशय मंद गतीने चालणाऱ्या गुंजनाचा पुरावा हाती आल्याचे एकाच वेळी जाहीर केले. त्यांतील एका गटाने आपल्या निरीक्षणांत खोडदची निरीक्षणे मिळवली होती. स्वतःभोवती विलक्षण नियमितपणे फिरणाऱ्या मृत ताऱ्यांच्या स्पंदनांची वर्षानुवर्षे नोंद ठेवावी, आणि त्या नोंदींतील सूक्ष्म चुकामुकीवरून अवकाशाचेच हेलकावे ओळखावेत, असे हे काम. ह्याने कांद्याचा भाव वाढणार नाही, हे आम्ही प्रांजळपणे कबूल करतो. परंतु विश्वाविषयीच्या मानवी ज्ञानाला एक मोलाचा धागा जुन्नर तालुक्यातून मिळाला, ही गोष्ट जुन्नरकरांपर्यंत त्यांच्या भाषेत पोचविण्याचे कर्तव्य ज्यांचे, त्यांनी ते पुरेशा जोमाने केले, असे आम्हांस म्हणवत नाही.

आता आकाशातून जमिनीवर येऊ. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे ह्यांच्या कल्पनेतून संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचे काम सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून त्यांतील शब्दांच्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. कोणता शब्द प्रथम कोठे आला, पुढे त्याचा अर्थ कसकसा वळला, हे त्या चिठ्ठ्यांच्या आधाराने सांगावयाचे. पहिला खंड १९७६ च्या सुमारास निघाला. तीसांहून अधिक खंड झाले, तरी गाडी अजून 'अ' ह्या अक्षरातच आहे. ह्यावर विनोद करणे फार सोपे आहे, आणि पुण्यात ते करणाऱ्यांचा तुटवडा नाही. हे काम मंद होण्यास मनुष्यबळाची चणचण हे एक मोठे कारण, हे मात्र विनोद करणाऱ्यांस ठाऊक नसते. चिठ्ठीवरील शब्दाचा अर्थ लावणारा माणूस तयार होण्यास पंधरा-वीस वर्षे लागतात, आणि तो निवृत्त झाला की त्याच्या खुर्चीवर दुसरा बसेलच, ह्याची शाश्वती नसते.

दुर्बीण आणि कोश ह्यांचा एकमेकांशी काय संबंध, असे कोणी विचारील. आम्हांस तो फार जवळचा वाटतो. पण आमच्या म्हणण्यापेक्षा दोन माणसांची उदाहरणे अधिक बोलकी आहेत. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. त्या कामास शास्त्रीय शिस्त लावणारे डॉ. वि. सी. सुखटणकर हे केंब्रिजमध्ये गणित शिकलेले. संस्कृतकडे ते नंतर, बर्लिनमध्ये वळले. शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम् अशा नाना लिपींतील शेकडो हस्तलिखिते समोर ठेवून कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली, ह्याची वंशावळ त्यांनी मांडली. नकलणाऱ्याची एक चूक त्याच्या पुढच्या सर्व नकलांत उतरते. त्या सामाईक चुकांवरून पोथ्यांचे गोत्र ओळखावयाचे. जीवशास्त्रज्ञ प्राण्यांच्या वंशवृक्षासाठी नेमके हेच करतो. १९९८ साली 'नेचर' ह्या विज्ञानपत्रात, चॉसर ह्या जुन्या इंग्रज कवीच्या हस्तलिखितांवर उत्क्रांतिशास्त्राचीच गणकयंत्र-पद्धती लावून केलेले संशोधन प्रसिद्ध झाले, तेव्हा जगातील अनेकांस ते नवल वाटले. लकडी पुलापलीकडे त्यामागचा विचार १९२५ पासून रुजलेला होता.

दुसरे दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म गोव्यातला, आयुष्याचा मोठा भाग पुण्यात, पेशा गणिताचा. तक्षशिलेस सापडलेली आहत नाणी त्यांनी हजारोंच्या संख्येने स्वतः तोलली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. तेव्हा झिजेवरून ते किती काळ चलनात होते, ह्याचा अंदाज बांधता येईल, ही त्यांची उपपत्ती. तिची परीक्षा पाहण्यासाठी त्यांनी आपल्या काळची चालू नाणीही तोलून पाहिली. ह्याच माणसाने भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ साली सिद्ध केली, आणि त्याच्या चार वर्षे आधी, १९४४ साली, आनुवंशशास्त्रात एक सूत्र मांडले. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, हे काढण्याचे ते सूत्र. आज गव्हाच्या वा भाताच्या नव्या वाणासाठी जनुकांचे नकाशे तयार करणारे संशोधक ते कोसंबींच्याच नावाने वापरतात. भर्तृहरीच्या पोथ्या चाळणाऱ्या माणसाचे नाव धान्याच्या कोठारापर्यंत अशा रीतीने जाऊन पोचले आहे.

आज कोसंबींनी अनुदानासाठी अर्ज केला तर तो कोणत्या खिडकीवर स्वीकारला जाईल, ह्याची आम्हांस गंमत वाटते. अर्जावर विद्याशाखा लिहावी लागते. त्यांनी काय लिहावे?

हा नुसता थट्टेचा विषय नाही. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा २०२३ साली झाला आणि पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांच्या संशोधनाची अपेक्षा प्रकट करण्यात आली. त्यांतील सुमारे ३६,००० कोटी सरकारबाहेरून, मुख्यत्वे उद्योगांकडून यावयाचे. आपल्या देशाचा संशोधनावरील खर्च २०२०-२१ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के होता, हे लक्षात घेता प्रतिष्ठानाचे स्वागतच केले पाहिजे. परंतु कायद्याचे शब्द बारकाईने वाचावेत. नैसर्गिक विज्ञाने, अभियांत्रिकी, आरोग्य, शेती ह्यांचा निर्देश तेथे सरळ आहे. मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे मात्र जेथे विज्ञान-तंत्रज्ञानास भिडतात तेवढ्यापुरतीच आत आली आहेत. पंगतीत पान मांडले, पण ते वाढप्याच्या हाताखाली काम करण्याच्या अटीवर! आणि जो पैसा उद्योगाकडून यावयाचा, तो कोशाच्या चिठ्ठ्यांकडे किंवा सह्याद्रीतील गवतांच्या वर्गीकरणाकडे आपण होऊन वळेल, असे समजणे भाबडेपणाचे होईल. वर्गीकरणशास्त्राचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. ते विज्ञानच आहे. तरीही मानव्यविद्यांइतकेच उपेक्षित आहे. सवाल विज्ञान विरुद्ध साहित्य असा नाहीच मुळी. झटपट फळ देणारे आणि सावकाश फळ देणारे, असा तो आहे.

गरीब देशास ही चैन परवडते काय, असे विचारणाऱ्यांस आम्ही शिरूर तालुक्यातील इनामगावास नेऊ. घोड नदीच्या काठी १९६८ ते १९८३ ह्या काळात डेक्कन कॉलेजने तेथे उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर ह्यांच्यासारखे पुरातत्त्वज्ञ त्यात होते. त्यांच्या जोडीला जळक्या धान्याचे दाणे ओळखणारे वनस्पतितज्ज्ञ होते, हाडे ओळखणारे होते, दात तपासणारे होते. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० पर्यंत नांदलेले ते खेडे. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवावयाची आणि त्यांत दगावलेले मूल पुरावयाचे, ही तेथील रीत. अशी दफने एवढी निघाली, की त्या आयांचे दुःख तीन हजार वर्षांनंतरही वाचणाऱ्याला भिडावे. नदीच्या पुराचे पाणी वळविण्यासाठी गावाने पाट खणला होता. पुढे हवामान कोरडे होत गेले, शेती हटली, चौकोनी ऐसपैस घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, लोक शिकारीकडे अधिक वळले आणि अखेरीस गाव उठले. अवर्षणाशी झगडणाऱ्या आजच्या शिरूरकरास ह्या हकिगतीत आपले काहीच दिसणार नाही काय? ही हकिगत एकट्या पुरातत्त्वज्ञाला कधीच सांगता आली नसती. आणि दाणे तपासणारा एकटा असता, तर त्याच्या हाती दाणेच राहिले असते.

अशी देवघेव उलट्या दिशेनेही चालते. पृथ्वीचे फिरणे किती मंदावत आहे, हे ठरविण्यासाठी खगोलशास्त्रज्ञांस बाबिलोनच्या मातीच्या विटांवर कोरलेल्या ग्रहणांच्या नोंदी लागल्या. दिवस शतकागणिक सुमारे १.८ मिलिसेकंदांनी लांबतो, हा २०१६ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष त्या नोंदींवर उभा आहे. ती लिपी वाचावयास ज्यांनी आयुष्ये खर्ची घातली, त्यांस पृथ्वीच्या गतीची चिंता नव्हती. त्यांच्या काळी त्यांनाही उपयोग विचारला गेला असेलच.

आता विद्वानांस दोन खडे बोल सुनावणे प्राप्त आहे. सर्व विद्यांस एकाच तागडीत तोलण्याचे पाप केवळ सरकारचे नव्हे. निबंधांची संख्या मोजून बढती देण्याची पद्धत रुळली, तेव्हा विद्यापीठांतून निषेधाचा आवाज फारसा उठला नाही. उलट, पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा फोफावला. त्याला आवर घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची सूची २०१८ पासून हाती घेतली आणि २०२५ साली ती बंद केली. पीएच. डी. पूर्वी निबंध छापलाच पाहिजे, ही सक्ती २०२२ साली उठली. नियम आले, नियम गेले. वाईट प्रबंध तसाच राहिला. मराठीच्या आणि इतिहासाच्या नावावर जे काही प्रबंध म्हणून बांधून कपाटात जाते, त्यातील पुष्कळसे कोणी वाचू नये हेच बरे. इकडची पाने तिकडे करणाऱ्याला मानव्यविद्येच्या प्रतिष्ठेचे कवच आम्ही देऊ इच्छीत नाही. मात्र विज्ञानशाखांत अशी भरताड नाही, असे कोणी सांगू लागले तर तेही आम्ही ऐकून घेणार नाही.

रोग ओळखण्याचा उपाय एकच: त्या त्या विद्येच्या जाणत्याने ते काम प्रत्यक्ष वाचावे. कोशाचा खंड आणि रसायनशास्त्रातील चार पानांचा निबंध ह्यांना 'प्रत्येकी एक' म्हणून मोजणारी यंत्रणा म्हणजे सब घोडे बारा टक्के. डॉ. धनंजयराव गाडगीळ भारतीय सामाजिक शास्त्र संशोधन परिषदेचे १९६९ साली पहिले अध्यक्ष झाले, ते अशा मोजणीच्या बळावर नव्हे. त्यांच्यामागे गोखले अर्थशास्त्र संस्थेतील जवळजवळ चार दशकांचे काम होते. पुणे शहराची घरोघर जाऊन केलेली पाहणी होती. त्या पाहणीला लागलेली वर्षे आजच्या कोणत्या रकान्यात बसली असती?

म्हणून राज्य शासनाकडे आमचे मागणे अगदी साधे आहे. राज्यातील विद्यापीठांत आणि अनुदानित संशोधनसंस्थांत अध्यापक-संशोधकांची पदे मोठ्या संख्येने रिकामी आहेत. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या तरुणांकडून दहा वर्षे पुरणारे संशोधन होत नसते. ही पदे येत्या अर्थसंकल्पाच्या आत भरावीत, आणि कोश, हस्तलिखिते, मोडी दप्तरे, वनस्पतिसंग्रह ह्यांसारख्या दीर्घ मुदतीच्या कामांस वर्षावर्षाच्या मंजुरीऐवजी निदान दहा वर्षांची हमी द्यावी. पेशवे दप्तरातील कोट्यवधी कागद वाचू शकणारी माणसे दरसाल कमी होत आहेत. आणि रेल्वेचा मार्ग कोठूनही जावो, दुर्बिणीच्या शास्त्रज्ञांनी जुन्नर-आंबेगावच्या ग्रामसभांत जाऊन, मराठीतून, लोकांच्या प्रश्नास समोरासमोर उत्तर द्यावे. लोक ऐकून घेतील की नाही, ही शंका आधीच काढू नये.