वेगवान जुनी मोटार आणि तिची दुसरी किंमत

मोटार घ्यावयाची असें ठरलें कीं तो प्रश्न एकट्या माणसाचा राहत नाहीं. एकत्र कुटुंबांतील मोटार ही माजघरांतल्या मोठ्या पातेल्यासारखी असते. विकत आणतो एक, पण ती लागते सर्वांना. आजींना दवाखान्यांत नेण्यास ती हवी, लेकीसुनांना सणावारीं माहेरीं जाण्यास हवी, मुलांना परीक्षेच्या केंद्रावर पोंचविण्यास हवी. अशा घरांत एखाद्या तरुणानें "मला साधी नको, वेगवान मोटार हवी" असें म्हटलें म्हणजे जेवणाच्या पंगतीवर एकदम शांतता पसरते.

वर्धा जिल्ह्यांतील नाचणगांवच्या एका वाचक-कुटुंबाचा नेमका हाच प्रश्न आमच्यापुढें आला आहे. घरांत नऊ माणसें, हाताशीं सर्वांचे मिळून पांच लाख रुपये, आणि घेणें आहे तें वापरलेल्या मोटारीचें. थोरला मुलगा नागपुरास नोकरीला असून दर शनिवारीं घरीं येतो. त्याचें मन चपळ अशा टर्बो हॅचबॅकवर, म्हणजे मागील दार वर उघडणाऱ्या आटोपशीर मोटारीवर, बसलें आहे. वडील म्हणतात कीं असली जुनी मोटार म्हणजे दारांत बांधलेला पांढरा हत्ती.

आम्हांला दोन्ही बाजू आपापल्या जागीं खऱ्या वाटतात. चांगल्या यंत्राची आवड हा कांहीं दुर्गुण नव्हे. ती घरानें उडवून लावली तर नाहींशी होत नाहीं, पुढें कर्जाच्या वाटेनें पुरी होते. पण वडिलांची भीतीही पोकळ नाहीं. वापरलेल्या वेगवान मोटारीला दोन किंमती असतात: एक विकणाऱ्याच्या हातांत मोजून द्यावयाची, आणि दुसरी पुढें चार-पांच वर्षें थोडी थोडी देत राहावयाची. पहिली सर्वांना दिसते, म्हणून घासाघीस तिच्यावर होते. दुसरी दिसत नाहीं. आणि निवड मात्र तिच्यावरूनच झाली पाहिजे, असें आमचें मत आहे.

प्रथम 'टर्बो' या शब्दाविषयीं. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या जोरानें एक लहानसें चक्र फिरतें, आणि त्याच दांड्यावरील दुसरें चक्र इंजिनांत हवा दाबून भरतें. हवा अधिक मिळाली कीं इंधनही अधिक जाळतां येतें, आणि लहान इंजिन मोठ्याचें काम करूं लागतें. हीं चक्रें भर वेगांत मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतात व अतिशय तापतात. त्यांचें रक्षण करतें तें इंजिनाचें तेल. ज्या मालकानें तेल वेळच्या वेळीं बदललें त्याची टर्बो मोटार पुष्कळ वर्षें टिकते. ज्यानें त्यांत काटकसर केली, त्याच्या काटकसरीचें बिल पुढील मालकाकडे येतें.

आतां बाजारांत काय मिळतें तें पाहूं. तरुणांच्या तोंडीं पहिलें नांव असतें तें पोलोचें. पुणें जिल्ह्यांत चाकणला तयार होणारी ही मोटार २०२२ सालीं बंद झाली, पण तिचे चाहते कमी झालेले नाहींत. २०१३ सालीं आलेल्या पोलो जीटी टीएसआयमध्यें १.२ लिटरचें १०५ अश्वशक्तीचें टर्बो इंजिन व दोन क्लचांची, सात गतींची, आपोआप बदलणारी डीएसजी गीअरपेटी होती. चालविण्याचें सुख उत्तम. परंतु ही गीअरपेटी उष्णता व तुंबलेली रहदारी यांपुढें नाजूक ठरते, आणि तिचा नियंत्रक भाग बिघडला तर दुरुस्तीचा आंकडा लाखाच्या घरांत जाऊं शकतो. २०२० नंतरची १ लिटर इंजिनाची पोलो या दोषांतून मुक्त आहे, पण ती पांच लाखांत बसणें कठीण. तिचेंच डिझेल भावंड जीटी टीडीआय हें मात्र विचारांत घेण्याजोगें आहे: १.५ लिटरचें जोरदार इंजिन, हातानें बदलावयाचे गीअर, आणि लांबच्या पल्ल्याला कमी इंधन. शिवाय २०१४ सालीं ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणींत दोन एअरबॅगांच्या पोलोला प्रौढांच्या संरक्षणासाठीं चार तारे मिळाले होते, हा मोठाच गुण.

दुसरें नांव अबार्थ पुंटोचें. हीही पुणें जिल्ह्यांतलीच, रांजणगांवची. २०१५ सालीं आलेल्या या मोटारींत १.४ लिटरचें १४५ अश्वशक्तीचें इंजिन होतें. या यादींत जोरानें तिची बरोबरी कोणी करीत नाहीं. पण फियाटनें आपल्या नांवाच्या मोटारी भारतांत विकणें थांबविलें आहे, आणि तिचा एखादा भाग मोडला तर तो गांवोगांव शोधीत फिरावें लागतें. फोर्डच्या फिगोची गोष्टही थोडीफार अशीच. १.५ लिटर डिझेल इंजिनाची, १०० अश्वशक्तीची ती मोटार खरोखर चपळ. परंतु सप्टेंबर २०२१ मध्यें फोर्डनें भारतांतील उत्पादन थांबवीत असल्याचें जाहीर केलें, आणि लहान गांवांना तिच्या कार्यशाळा दूर पडतात.

तिसरी मोटार फारशी कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं, ती म्हणजे मारुतीची बलेनो आरएस. २०१७ सालीं आली आणि २०२० सालीं बंद झाली. १ लिटरचें टर्बो इंजिन, १०२ अश्वशक्ति, हातानें बदलावयाचे पांच गीअर, आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. पुढें २०२३ मध्यें मारुतीनें फ्रॉन्क्स या मोटारींत १ लिटरचें त्याच घराण्याचें टर्बो इंजिन पुनः आणलें, त्यामुळें तें हाताळणारे कारागीर कांहीं नाहींसे झाले नाहींत. तिचें बाकीचें अंग साध्या बलेनोचेंच असल्यामुळें किरकोळ सामान तालुक्याच्या गांवींही मिळतें. तिचा दोषही लपवूं नये: भारतांत बनलेल्या बलेनोला २०२१ सालीं लॅटिन एनकॅपच्या चाचणींत एकही तारा मिळाला नाहीं.

याहून साधी हवी तर २००५ पासून आपल्या रस्त्यांवर असलेली स्विफ्ट आहेच. टर्बो नसली तरी हलकी व वळणांवर चलाख. तिचा मेस्त्री भेटला नाहीं असें गांव विरळा. ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन व टाटांची अल्ट्रोझ टर्बो या दोन्ही २०२१ सालच्या. त्यांच्या बऱ्या स्थितींतील मोटारींसाठीं बहुधा पांच लाखांच्या वर जावें लागतें, म्हणून त्या येथें बाजूला ठेवतों.

एवढ्या नांवांतून निवड करतांना वाचकांनीं अश्वशक्तीचे आंकडे क्षणभर मिटून ठेवावेत आणि स्वतःस एकच प्रश्न विचारावा: ही मोटार मुक्कामाला कोठें राहणार? नाचणगांव पुलगांवला जवळजवळ चिकटलेलें. वर्धा तीस-पस्तीस किलोमीटर, तर नागपूर शंभराच्याही पुढें. काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यांत खचतात, आणि मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढें जातो. जिची कार्यशाळा नागपुरास आहे ती मोटार नाचणगांवांत बंद पडली, तर दुरुस्तीच्या आधीं तिला उचलून नेण्याचा खर्च, आणि मुलाची एक रजा. हा सारा दुसऱ्या किंमतीचाच भाग.

मोटार मुलाजवळ नागपुरास राहणार असेल तर पोलो जीटी टीडीआय घ्यावी, असें आम्ही निःशंकपणें सांगूं. कार्यशाळा जवळ, आठवड्याचा लांब पल्ला डिझेलला मानवणारा, आणि अंगानें ती दणकट. पण येथें पैसा सगळ्या घराचा आहे. आजींच्या वांट्याचा रुपया त्यांत असतां मोटार सहा दिवस परगांवीं उभी राहावी, हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. तिनें घरींच राहावें. पुलगांव स्टेशन मुंबई-हावडा या मुख्य मार्गावर आहे. मुलानें शनिवारीं आगगाडीनें यावें आणि दोन दिवस मोटार मनसोक्त हांकावी. असें ठरलें तर आमची पसंती बलेनो आरएसला. धडकेच्या संरक्षणांत ती पोलोहून उणी आहे. ती उणीव वेगाला आवर घालून आणि मागच्या माणसांनींही पट्टे बांधून शक्य तेवढी भरून काढावी लागेल, ही अट मुलानें आधींच मान्य करावी. ती मोटार संख्येनें थोडी, म्हणून धीर धरावा. मनासारखी न मिळाली तर स्विफ्ट घेऊन समाधान मानावें, पण हातघाईनें पुंटोकडे वळूं नये.

पांच लाखांपैकीं खरेदीवर सव्वाचार लाखांहून अधिक खर्चूं नयेत. उरलेले पाऊण लाख चैनीसाठीं नव्हेत. टायर, ब्रेक, क्लच, तेल व विमा यांसाठीं ते पहिल्या वर्षीं लागतात.

मोटार पाहावयास जातांना ओळखीचा मेस्त्री बरोबर न्यावा. इंजिन थंड असतां सुरू करावयास लावावें. विकणाऱ्यानें तें आधींच तापवून ठेवलें असेल तर कारण विचारावें. निळसर धूर निघाला तर तेल जळत आहे असें समजावें. दुपारच्या उन्हांत वातानुकूलन चालू ठेवून अर्धा तास फिरवावी. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आपल्याकडील उन्हांत टायर झिजण्याच्या आधींच कडक होतात, म्हणून सहा वर्षांच्या पुढचे टायर नक्षी चांगली दिसली तरी बदलावेत. सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढावेत. आंत चिखलाची रेघ दिसली तर मोटार पुरांत बुडालेली असूं शकते. वेगवान मोटारींत आणखी एक गोष्ट पाहावी. हौशी मालक इंजिनाच्या संगणकाची मांडणी बदलून जोर वाढवितात. त्यानें क्लच व टर्बो लवकर थकतात, आणि असा बदल विमा कंपनीस कळविलेला नसेल तर भरपाईच्या वेळीं वाद उत्पन्न होतो. तशी शंका आली तर ती मोटार सोडावी. आतां पेट्रोलमध्यें वीस टक्के इथेनॉल असतें, आणि २०२३ पूर्वींच्या पुष्कळ मोटारी त्यासाठीं बनविलेल्या नाहींत. म्हणून इंधनाच्या रबरी नळ्याही पाहून घ्याव्यात.

कागदपत्रांत घाई करूं नये. मालकी बदलण्यासाठीं नमुना २९ व ३० लागतात; मोटार पुण्याची, म्हणजे एमएच-१२ ची असून वर्ध्यास एमएच-३२ च्या कार्यालयांत आणावयाची असेल तर तेथील ना-हरकत दाखला नमुना २८ वर घ्यावा. तिच्यावर कर्ज असेल तर बँकेचा नमुना ३५ हातीं आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊं नये. विमा चौदा दिवसांच्या आंत आपल्या नांवावर करण्यास अर्ज करावा. दावा न केल्याबद्दलची सवलत जुन्या मालकाची असते, ती मोटारीबरोबर येत नाहीं. १ एप्रिल २०१९ पूर्वींच्या मोटारीवर नवी उच्च सुरक्षेची नंबरपट्टी बसली आहे कीं नाहीं, आणि जुने दंड थकले आहेत काय, हेंही पाहावें.

मोटार ज्याच्या नांवावर, जबाबदारी त्याची. २०१९ च्या सुधारणेप्रमाणें अठरा वर्षांखालील मुलानें मोटार चालवून गुन्हा केला तर पालकास वा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजारांचा दंड होऊं शकतो. म्हणून धाकट्यांच्या हातीं किल्ली देऊं नये. समृद्धी महामार्गावर ताशीं १२० ची मर्यादा आहे. घरची पांच माणसें आंत असतां ती गांठण्याचीही गरज नसते. आणि एक साधी वही मोटारींत ठेवावी. तेल केव्हां बदललें, टायर केव्हां घातले, किती किलोमीटर झाले, काय खर्च आला, हें चालवणारानें तींत त्याच दिवशीं लिहावें आणि महिनाअखेर वडिलांनीं वाचावें. दुसरी किंमत घरांतील सर्वांना दिसूं लागली कीं तिच्यावरून भांडण होत नाहीं. आणि पुढें मोटार विकावयाची वेळ आली म्हणजे नव्या मालकाला दाखविण्यास तीच वही उपयोगीं पडते.