गावरान महाग, म्हणून पौष्टिक?

परभणीच्या बाजारात ब्रॉयलरपेक्षा गावरान कोंबडी कितीतरी महाग, आणि कडकनाथ त्याहूनही महाग. चवीसाठी कोणी जास्त पैसे मोजत असेल तर तक्रार नाही. पाच-सहा महिने उकिरडा उकरत, किडे-दाणे टिपत वाढलेल्या पक्ष्याचे मांस घट्ट असते. त्याचा रस्सा ज्वारीच्या भाकरीबरोबर वेगळाच लागतो. पण घरात कोणाला क्षयरोग झाला किंवा मधुमेह निघाला की 'कडकनाथ खाऊ घाला' असा सल्ला येतो. तिथे मात्र हिशेब तपासायला हवा.

कडकनाथमध्ये चरबी एक टक्क्याच्या आसपास आणि इतर कोंबड्यांत १३ ते २५ टक्के, असे आकडे जाहिरातींत सर्रास दिसतात. ब्रॉयलरची एवढी चरबी कातडीसकट मोजली तरच निघते. कातडीसह १०० ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे १५ ग्रॅम चरबी असते. कातडी काढली की ती तीन ग्रॅमवर येते आणि प्रथिने सुमारे २१ ग्रॅम भरतात. आपल्याकडे बहुतेक ग्राहक कातडी काढूनच मांस घेतात. म्हणजे ब्रॉयलर आणि गावरान यांच्यातला जो फरक उरतो, तो रश्श्यावरच्या तेलाच्या तवंगात सहज बुडतो.

दुसरा समज इंजेक्शनचा. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जातो, गावरान कोंबडीला दीड किलो गाठायला अर्धे वर्ष लागते. मग संप्रेरके टोचली असणारच! कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाने १९५७ सालचा जुना वाण आणि २००५ चा ब्रॉयलर एकाच खाद्यावर वाढवले. ५६ दिवसांनी जुना पक्षी ९०५ ग्रॅमचा होता, नवा ४ किलो २०० ग्रॅमचा. ही वाढ पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीची. खरी काळजी प्रतिजैविकांची आहे. माणसाच्या गंभीर संसर्गात शेवटचा आधार असलेले कोलिस्टिन कोंबड्यांना दिले जात होते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली. त्या बंदीचे पालन होते की नाही, हे पाहणे जातीच्या वादापेक्षा कितीतरी महत्त्वाचे.

क्षयरुग्णाला निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये मिळतात. एका कडकनाथ कोंबड्यात त्यातला मोठा भाग संपतो आणि घरात चार माणसे असली तर रुग्णाच्या ताटात दोन फोडी येतात. अंडे आठ रुपयांना धरले तरी तेवढ्याच पैशांत सव्वाशे अंडी येतात, म्हणजे रोज चार. प्रत्येकात सहा ग्रॅम प्रथिने. औषधे चालू असताना वजन वाढायला हवे, आणि त्यासाठी रोजचे खाणे लागते.

गावरान कोंबडीचे महत्त्व वेगळ्याच ठिकाणी आहे. परसातल्या दहा कोंबड्या बाईच्या हातात चार पैसे आणि लेकरांच्या ताटात अंडी देतात. बेंगळुरूची गिरिराज, हैदराबादची वनराजा हे सुधारित वाणही परसात तग धरतात आणि देशीपेक्षा लवकर वाढतात. कोंबड्यांना मानमोडीची लस वेळेवर मिळाली तर हा गरिबाचा सर्वांत स्वस्त पोषण-आहार आहे. 'औषधी' म्हणून त्याचा भाव फुगवला की काय होते, ते २०१९ मध्ये सांगलीकडच्या कडकनाथ योजनेत पैसे बुडालेल्या शेतकऱ्यांना विचारावे.

परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. स्थानिक बाजारातली गावरान, कडकनाथ आणि ब्रॉयलर कातडी काढून तपासावी, प्रतिजैविकांचे अंशही मोजावेत आणि आकडे मराठीत जाहीर करावेत. दुकानदारानेही पाटीवर भावाबरोबर पक्ष्याची जात आणि वय लिहावे.